बाटलीत बर्फ झाला

१

बर्फाच्या कारखान्यात बाटलीतलं पाणी गोठलं, यात छाती बडवून घेण्यासारखं काय आहे, असं कुणीही विचारील. फत्तेसिंग गिरासेही तेच विचारत होते, आणि कारखाना त्यांचाच असल्यामुळे जरा दुखावून विचारत होते. पण समोर उभा असलेला पितांबर पाटील पांढराफटक पडला होता. त्याने हातातली काचेची बाटली दाराच्या उजेडात धरली, आडवी केली, उलटी केली. आतलं पाणी जागचं हललं नाही. त्याचा बर्फ झाला होता.

१९६४ सालच्या मे महिन्यातला तो गुरुवार. नंदुरबारात सकाळी नऊलाच उन्हाने डोळे दिपत होते. हायस्कूलला सुट्टी लागलेली, म्हणून विज्ञान शिकवणाऱ्या सरलाबाई आपल्या जुन्या विद्यार्थ्याबरोबर सहज आल्या होत्या. सहज म्हणजे काय, तर बाटली याच कारखान्यात ठेव असा सल्ला त्यांनीच त्याला दिला होता, आणि आपला सल्ला कसा लागू पडला हे बघायची बाईंना फार हौस. ती हौस आता अंगाशी आली होती.

“भाऊ, हे पाणी गोठतच नाही,” पितांबर कसाबसा म्हणाला. “जिथून आणलं तिथे उणे पन्नास अंशातही ते पातळ असतं. तुमच्या टाकीत फार तर उणे दहा. इथे ते गोठणं शक्यच नाही.”

फत्तेसिंगांनी आधी बाटलीकडे आणि मग पितांबरकडे पाहिलं. परदेशी शिकून नथ्थूबापूंचा पोरगा कामातून गेला, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

सरलाबाईंनी बाटली हातात घेतली. काचेच्या बुचावर ॲल्युमिनियमचा पातळ कागद आणि त्यावर बारीक तार, सगळं जागच्या जागी होतं. पण चष्मा वर करून नीट पाहिलं तेव्हा दिसलं, की कागदाच्या जुन्या घड्यांशेजारी नव्या घड्या पडल्या आहेत. कुणीतरी तो काढून पुन्हा बसवला होता, आणि मोठ्या काळजीने बसवला होता.

“बाटली माझीच आहे, बाई,” पितांबर म्हणाला. “पाणी माझं नाही.”

२

त्या पाण्याची कथा बाईंना ठाऊक होती. दक्षिण ध्रुवाकडे बर्फाच्या मुलखात काही दऱ्या कोरड्या ठणठणीत आहेत. त्यांतल्या एका दरीत गुडघाभर पाण्याचं एक तळं आहे. त्यात आपलं खाण्याचं मीठ थोडं आणि कॅल्शियम क्लोराइड बेसुमार, म्हणून ते कधी गोठत नाही. न्यूझीलंडला शिकायला गेलेल्या पितांबरने दोन वर्षं खटपट करून त्या तळ्याचं एक बाटली पाणी मिळवलं होतं.

त्याला त्यातलं मीठ नको होतं. असल्या जहाल पाण्यात काही जगत असेल का, हा त्याचा प्रश्न. जिवंत पेशी मेल्या तरी त्यांची मेदाम्लं मागे उरतात. ही सेंद्रिय द्रव्यं त्या पाण्यात सापडली, तर जीव तिथेही तग धरतो असं म्हणायला जागा होती. पण प्रमाण इतकं बारीक, की बोटाचा ठसा किंवा तेलाचा एखादा कण मिसळला तरी सगळं मुसळ केरात. बडोद्याच्या एका प्रयोगशाळेत ही तपासणी करणारं नवं यंत्र आलं होतं आणि सोमवारचा एक दिवस त्याच्या वाट्याला आला होता. शनिवारी सकाळच्या गाडीने सुरतेमार्गे निघायचं, तोवर पाच-सहा दिवस घरी. पाणी थंड ठेवलं नाही तर बाहेरून आत गेलेले जंतूच ती द्रव्यं खाऊन टाकतील, आणि अख्ख्या गावात मे महिन्यात थंड जागा म्हणून होती ती फत्तेसिंगांच्या कारखान्याची टाकी. रविवारी आल्या आल्या त्याने बाटली तिथे दिली होती.

आता ते गेलं म्हणजे नुसतं पाणी गेलं नव्हतं. हे काम फसलं तर तापीकाठच्या आपल्या प्रकाशा गावी परत येऊन केळीची बाग बघीन, असा शब्द त्याने वडिलांना दिला होता. नथ्थूबापू शब्दाला पक्के होते आणि त्यांनी मुलालाही तसाच वाढवला होता.

फत्तेसिंग पोलिसांकडे निघाले. टाकीघराची किल्ली दोघांकडेच, एक त्यांच्याकडे आणि दुसरी यंत्रावरच्या वाहिदकडे. तेव्हा चोर कोण हे सांगायला शिक्षण कशाला लागतं, असा त्यांचा हिशेब. सरलाबाईंनी त्यांना बसवलं. मिरचीच्या पुडीतली विटेची भुकटी ओळखून बाईंनी बाजारातल्या भल्याभल्यांचा घाम काढला होता, त्यामुळे त्यांनी बसा म्हटलं की माणूस बसे. शनिवारच्या गाडीपर्यंत मला द्या, मग खुशाल जा, असं त्या म्हणाल्या.

मग त्यांनी बाटली परत एकदा निरखली. रविवारी पितांबरने ती बुचापर्यंत काठोकाठ भरलेली दाखवली होती. आता वर दोन बोटं जागा रिकामी होती. शिवाय आतला बर्फ मधोमधपर्यंत आरसा होता. शेजारी पडलेल्या लाद्यांचा गाभा मात्र पांढुरका होता, साध्या पाण्याच्या बर्फाचा असतो तसा. बाईंनी हे मनात टिपून ठेवलं.

फत्तेसिंगांना त्यांनी बोलतं केलं. तसे ते बोलतेच होते. दक्षिण ध्रुवाचं चमचाभर पाणी तीर्थ म्हणून आईने मागितलं, आपण नाही म्हटलं, यापलीकडे त्यांच्या हातून काही घडलं नव्हतं. उलट आपण पाण्याची किती काळजी घेतली ते त्यांनी अभिमानाने सांगितलं.

“मी वाहिदले बजाडी सांगं व्हतं, पानी दगडनी मायक गोठेल ऱ्हायनं पाहिजे. आनि दखा, गोठेल शे.”

दगडासारखं गोठव, असं एवढं बजावूनही वाहिदचं हल्ली कामात लक्ष नाही, अशी त्यांची तक्रार होती. काल बुधवारी सकाळी त्याने बर्फाचे सगळे पत्र्याचे डबे टाकीबाहेर काढले आणि एकेकात पाणी भरून सांधे तपासत बसला. एकाही गिऱ्हाइकाने कुरकुर केली नव्हती, तरी. अर्धा दिवस बर्फ निघाला नाही, सोडावाले दारात येऊन बोंबलले.

बाई तिथून निघाल्या त्या इंजिनाच्या खोलीतून. तिथे वाहिदची बसायची जागा होती. भट्टीसारखी तापलेली खोली, खिडकीच्या लाकडी फळीवर धूळ. फळीवर टाकीतल्या मिठाच्या पाण्याचे शिंतोडे वाळून पांढरे डाग पडले होते. त्यांच्यात एक रुपयाएवढा डाग काळपट होता. बाईंनी त्यावर बोट टेकवलं.

डाग ओला होता.

३

दुपारच्या एसटीने बाई प्रकाशाला गेल्या. ओल्या डागाचा विचार डोक्यात होता, पण त्याआधी नथ्थूबापूंना भेटणं भाग होतं. मंगळवारी संध्याकाळी ते एकटेच कारखान्यात जाऊन आले होते, हे फत्तेसिंगांनी बोलण्याच्या भरात सांगून टाकलं होतं. आणि ते पाणी नाहीसं होण्यात जगात कुणाचा फायदा असेल, तर तो या एका म्हाताऱ्याचा होता.

बापू बागेत होते. तापीवरून वारा येत होता, पण तोही गरम. सरलाबाई याच गावच्या, बापूंच्या भावकीतल्या, त्यामुळे पाणी, गूळ, चौकशी सगळं यथासांग झालं. मग बाईंनी बाटलीचं सांगितलं. बापूंना आनंद झालेला दिसला नाही.

“बाई, खोटं काब सांगू? ती बाटली फोडाना इचार मन्हा मनमा उना व्हता. त्यानाकरताच मी गऊ. हातमा लिधी, हालाडी दखी. पन पोरगा त्या पानीकडे कसा दखस ते मी रविवारे दखेल व्हतं. मंग मन्हा हात उचलना नही.”

हलवली, हे ऐकून बाई सरसावून बसल्या. आतलं पाणी हललं का, असं त्यांनी विचारलं. हललं की, बापू म्हणाले, बुचाखालचा हवेचा बुडबुडा इकडून तिकडे पळाला. इतक्या बर्फात राहून गोठलं नाही म्हणून त्यांनाही नवल वाटलं आणि ते वाहिदला तसं बोललेही. त्यावर वाहिदचा चेहरा एकदम उतरला. त्याने बाटली काढून घेतली, उजेडात धरली आणि घाईने परत डब्यात ठेवून दिली.

परतीच्या गाडीत बाईंनी हिशेब मांडला. मंगळवारी संध्याकाळपर्यंत पाणी खरं होतं. गुरुवारी सकाळी खोटं. मधल्या वेळात टाकीघरात वाहिदशिवाय कुणी शिरलेलं नव्हतं.

बाईंना हे उत्तर आवडलं नाही. वाहिदला त्या अठरा वर्षं ओळखत होत्या. शाळेच्या प्रयोगांसाठी बर्फ लागला की तो स्वतः पोत्यात गुंडाळून आणून देई आणि मुलींनी बर्फावर मीठ टाकून पारा खाली उतरवला की दारात उभा राहून बघत बसे. असा माणूस ध्रुवाचं पाणी चोरून करणार काय? ते विकायला गिऱ्हाईक नाही, प्यायलं तर ओकारी. पण त्याच्याशिवाय दुसरं कुणी उरत नव्हतं, आणि फत्तेसिंगांचा पाय पोलीस ठाण्याकडे वळलेलाच होता.

४

शुक्रवारी सकाळी बाई परत इंजिनाच्या खोलीत गेल्या. काळपट डाग तसाच ओला होता. बाहेर पारा चव्वेचाळीसवर, आत इंजिनाची धग, आणि हा डाग दोन दिवस वाळायचं नाव घेत नव्हता. टाकीतलं साधं मिठाचं पाणी सांडलं की घटकाभरात पांढरं होतं. हवेतली ओल ओढून घेऊन कायम भिजलेलं राहतं ते कॅल्शियम क्लोराइड.

म्हणजे पितांबरचं पाणी या फळीवर सांडलं होतं. एकच थेंब, आणि तोही बाटली टेकवली असेल तिथे. बाटली उलटी करून फेकणारा माणूस थेंबाथेंबाचा असा विचार करत नाही. इथे कुणीतरी ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात सावकाश ओतून घेतलं होतं.

पितांबर बरोबर होता. एका रात्रीत तो निम्मा झाला होता. त्याला वाहिदच्या जागेवर बसवून बाईंनी वर्गात विचारत तसंच एकेक विचारायला सुरुवात केली.

“पाणी चोरायचं आणि कळू द्यायचं नाही, तर तू खोटं पाणी कुठपर्यंत भरशील?”

“होतं तिथपर्यंत. काठोकाठ.”

“आणि मग टाकीत ठेवलीस की?”

पितांबर थबकला. पाणी गोठताना फुगतं. काठोकाठ भरलेली बाटली तडकली असती. खोटं पाणी भरणाऱ्याने दोन बोटं जागा सोडली, कारण ती बाटली गोठणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. नव्हे, ती गोठावी अशीच त्याची इच्छा होती. आणि बर्फ आरशासारखा निघावा म्हणून त्याने पाणी आधी खळखळून उकळलं होतं. उकळून हवा घालवल्याशिवाय गाभ्यापर्यंत असा नितळ बर्फ होत नाही, हे बर्फ करणाऱ्यालाच माहीत.

“म्हणजे वाहिदभाईच,” पितांबर म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता आणि रागापेक्षा वाईट वाटणं जास्त होतं.

“तोच. पण चोर इतके कष्ट घेईल का रे? चोराला ते पाणी गोठायला कशाला हवं? आणि तुला एक सांगते, चोरी करून माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यातले सगळे डबे गळतात का ते तपासत बसत नाही.”

पितांबरला काही कळलं नाही. बाईंना मात्र आता सगळं कळलं होतं, फक्त एक गोष्ट सोडून. खरं पाणी अजून जगात आहे की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

५

वाहिदचं घर स्टेशनकडच्या मोहल्ल्यात. शुक्रवारच्या नमाजासाठी तो घरी आला होता. पन्नाशीचा, उंच, हातांना थंडीच्या जुन्या चिरा पडलेला माणूस. बाईंना दारात बघून तो उठून उभा राहिला आणि मग पुन्हा बसायचं विसरला. त्याची बायको अमिना आतल्या दारात पदर सावरून उभी होती. तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं, की या घरातही तीन रात्री कुणी झोपलेलं नाही.

बाईंनी चोरीचा विषयच काढला नाही. त्यांनी तळ्याची गोष्ट सांगितली. कुठल्या मुलखात आहे, किती थंडी, आणि पाणी कसं जहाल खारट. वाहिद ऐकत होता. खारट म्हटल्यावर त्याने मान वर केली.

“वाहिदभाई,” बाई म्हणाल्या, “तुमना डबा गयना नही. ते पानीच तसं शे. पयलेपासून खारंच शे, आनि ते कधीच गोठस नही. तुमना हातथून काहीच बिघडनं नही.”

डबा गळलाच नव्हता, हे त्याने स्वतःशी पुटपुटून पाहिलं. मग वाहिद भिंतीला टेकला आणि तसाच खाली बसला.

बर्फवाल्याची भीती काय असते, ती बर्फवाल्यालाच कळते. लाद्या होतात त्या पत्र्याच्या डब्यांत, आणि ते डबे उभे असतात मिठाच्या गार पाण्यात. एखाद्या डब्याचा सांधा सुटला की खारं पाणी आत शिरतं. लादी धरत नाही, बर्फ खारट होतो, गिऱ्हाईक तोंडावर आणून टाकतं. आधीच्या माणसाची नोकरी फत्तेसिंगांच्या वडिलांनी अशाच एका गळक्या डब्यापायी घालवली होती. वाहिदने बाटली एका डब्यात बर्फाच्या चुऱ्यात ठेवली होती, आणि डबे फिरतील तशी ती या डब्यातून त्या डब्यात जात होती. मालकांचा हुकूम, की पाणी दगडासारखं गोठलं पाहिजे. मंगळवारी बापूंनी हलवून दाखवलं तेव्हा त्याच्या काळजाचं पाणी झालं. सगळे गेल्यावर त्याने कागद सोडला, बूच काढून त्याला लागलेला थेंब जिभेवर ठेवला. खारट, कडू. आपलाच एखादा डबा गळला आणि साहेबाचं सातासमुद्रापलीकडचं पाणी आपण नासवलं, हे त्याला सांगायला मग कुणाची गरज उरली नाही.

म्हणून त्याने ते काढून घेतलं आणि उकळून गार केलेलं गोडं पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी कुठला डबा फुटला ते शोधायला सगळे बाहेर काढले. एकही गळत नव्हता, आणि त्यामुळे तो जास्तच घाबरला होता.

“मंग,” तो हळू म्हणाला, “मी चांगलं पानी काढी लिधं नि खोटं भरी दिधं?”

बाईंबरोबर आलेला पितांबर इतका वेळ उंबऱ्यावर उभा होता. आता त्याला राहवलं नाही. त्या पाण्याचं काय केलं, एवढंच त्याने विचारलं. 

वाहिदने अमिनाकडे पाहिलं. उत्तर तिने दिलं. टाकून दे असं तीच नवऱ्याला सांगत होती, पुरावा घरात नको म्हणत होती. त्याने ऐकलं नाही.

“दुसरानी चीज शे,” वाहिद म्हणाला. “बिघडनी तरी त्यानीच शे. मी कशी टाकू?”

६

टाकीघरात गेल्यावर वाहिदने कोपऱ्यातल्या दोन फळ्या उचलल्या. खाली काळं गार पाणी होतं आणि त्यात एक दोरी गेली होती. त्याने ती हात-हात वर ओढली. दोरीच्या टोकाला काचेची बाटली आली, मानेला कापड बांधलेली. वाहिदने ती हलवली. उणे दहा अंशांत तीन रात्री राहिलेलं पाणी आत खुशाल खळखळलं.

पितांबरने बाटली दोन्ही हातांनी धरली. मग हसला, आणि हसता हसताच त्याच्या मनात पुढची शंका आली. बाईंना ती आधीच आली होती. पाणी सापडलं, पण कुठल्या बाटलीत? ही आधी तेलाची असेल, अत्तराची असेल, तर सापडूनही उपयोग शून्य.

अमिनाच्या वडिलांनी हजहून येताना त्या बाटलीत जमजमचं पाणी आणलं होतं. आदल्या वर्षी वाहिदची आई चांदबी गेली, तेव्हा शेवटचा घोट तिच्या ओठांना लावला आणि बाटली रिकामी झाली. तिच्यात पाण्याशिवाय दुसरं काही कधी गेलं नव्हतं. घरात यापेक्षा पाक बाटली नव्हती, म्हणून वाहिदने ती घेतली. रविवारी पितांबरने हात धुऊन, बुचाच्या आतल्या बाजूला बोट न लावता बाटली कशी ठेवली, ते त्याने पाहून ठेवलं होतं. त्यानेही तसंच केलं होतं. दोन्ही बाटल्या उकळत्या पाण्याने तीनदा धुतल्या, फडकं आत घातलं नाही.

फत्तेसिंग हे सगळं ऐकत उभे होते. वाहिदला कामावरून काढायचं त्यांनी सकाळीच ठरवलं होतं, आणि ठरवलेलं बदलायला त्यांना कारण लागे. गोठवून ठेव हा हुकूम कुणाचा, असं बाईंनी त्यांना सगळ्यांसमोर विचारलं. पितांबरने फक्त थंड ठेवा म्हटलं होतं. गोठव हा शब्द भाऊंनी पदरचा घातला होता. फत्तेसिंगांनी खाकरून घसा साफ केला आणि बाहेर जाऊन सर्वांसाठी चहा सांगितला.

तरी एक पेच राहिलाच. बाटली उघडली गेली होती. पितांबरने ते सांगितलं नाही तर बडोद्यात कुणाला कळणार नव्हतं. सांगितलं तर हे पाणी आम्हाला नको, असं म्हणून तिथले लोक तो दिवस दुसऱ्याला देऊन टाकू शकले असते. बाई त्याच्याकडे बघत होत्या. काय कर ते त्यांनी सांगितलं नाही. सल्ला देण्याची हौस असलेल्या बाईंना ते फार जड गेलं.

पितांबरने वही काढली. वाहिदभाईंना शेजारी बसवून त्याने सगळं विचारलं. किती वाजता उघडली, उकळलेलं पाणी कोणत्या विहिरीचं, पातेलं कशाचं, बूच कुठे ठेवलं होतं. वाहिदने एकेक सांगितलं, पितांबरने एकेक लिहिलं, खाली वाहिदची सही घेतली. मग तो तार करायला गेला. तारेत त्याने काही झाकलं नाही.

शनिवारी पहाटे उत्तर आलं. या, दोन्ही बाटल्या घेऊन या, एवढंच त्यात होतं.

दोन्ही कशाला, हे फत्तेसिंगांना कळेना. बाईंनी समजावलं. तळ्याचं पाणी ज्या बाटलीतून आलं, त्याच बाटलीत तीच माणसं, तेच हात, तोच कागद यांच्यातून गेलेलं साधं पाणीही आता आयतं मिळालं होतं. जमजमच्या बाटलीचं धुणं मोरीत कसं टाकायचं, म्हणून मंगळवारचं तिचं शेवटचं पाणी वाहिदने बाजूला ठेवलं होतं; तेही त्याने एका कुपीत काढून दिलं. घरातून, हातांतून काही मिसळलं असेल तर ते त्या साध्या पाण्यांत दिसेल, आणि जे फक्त तळ्याच्या पाण्यात दिसेल ते तळ्याचं. पितांबरने अशी जोडी करून आणायला हवी होती. त्याच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

मे महिन्यात बडोद्यापर्यंत बाटल्या थंड ठेवायच्या तर बर्फाची जाण असलेला माणूस हवा. पितांबरने फत्तेसिंगांकडे वाहिदभाईंची तीन दिवसांची रजा मागितली. स्टेशनवर नथ्थूबापूही आले होते.  बाटल्यांची भुसा भरलेली पेटी त्यांनी एका बाजूने स्वतः उचलली आणि डब्यात चढवून दिली.

७

पत्र ऑगस्टात आलं. बाईंनी ते कारखान्यात, चालू इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून वाचून दाखवलं. तळ्याच्या पाण्यात तीन मेदाम्लं सापडली होती, जिवंत पेशींत असतात तशी. ती तिथलीच कशावरून, असं तिथल्या साहेबांनी विचारलं, तेव्हा साधी पाणी यंत्रात घातली. त्यांत या तिन्हींपैकी एकही नव्हतं. पितांबरला पुढची तीन वर्षं काम मिळालं होतं. नथ्थूबापूंनी बागेला माणूस ठेवला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ध्रुवाची गोष्ट सांगायला सुरुवात केली होती.

वाहिदभाईंचा चेहरा जरासा पडला.

“मन्हा पानीमा काहीच नही सापडनं?”

“काहीच नही,” बाई म्हणाल्या. “म्हनीसन त्यान्हं खरं ठरनं.”

हे त्यांच्या गळी उतरायला थोडा वेळ लागला. उतरल्यावर ते इंजिनाकडे वळले आणि उगाचच एक नट आवळत बसले. डोळे पुसायला हात तेलकट होते, म्हणून त्यांनी खांद्याने पुसले. फत्तेसिंग तर दुसऱ्याच दिवसापासून गिऱ्हाइकांना सांगू लागले, की आमच्या पाण्यात काहीच नसतं, बडोद्याहून कागद आला आहे.

पत्राचा शेवट वाहिदभाईंसाठी होता. पुढच्या उन्हाळ्यात आणखी पाच तळ्यांचं पाणी येणार आहे. ते बडोद्याला जाण्याआधी ठेवायला पितांबरला दुसरी जागा नको होती. टाकीचा कोपरा मोकळा राहील का, एवढं त्याने विचारलं होतं.

राहील म्हणून लिहा, वाहिदभाई म्हणाले. बाईंनी पेन उघडलं, तेव्हा त्यांनी हात वर करून थांबवलं आणि आणखी एक ओळ घालायला सांगितली. त्या पाचांतलं कोणतं गोठतं आणि कोणतं नाही, ते पाण्याच्या आधी चिठ्ठीवर लिहून पाठवा, आणि चिठ्ठी मालकांच्या हातात देऊ नका.